उपवासाचा खाडा आणि परीक्षेचे मार्क

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय नाही त्यामुळं चुकलंमाकलं सांभाळून घ्या. गेल्या पंधरवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांत जी जुंपली होती ती मी रोज दुपारी भांडी आवरून झाली की वाचत होते. एका काकांनी लिहिलं की आजकालची कॉलेजची पोरं देवाधर्मापासून लांब गेली म्हणून तब्येती बिघडल्या आणि मार्क पण घसरले. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या एका सरांनी लिहिलं की उलट आहे, उपासतापास, मंडळं, नवस यातच पोरांचं वर्ष जातंय, देव बाजूला ठेवा म्हणजे निकाल सुधारेल. दोघांचं वाचून मला एवढंच वाटलं की यातल्या कुणीच पोरांच्या ताटात वाकून बघितलेलं नाही.

मी बघते, दिवसातून दोनदा. राजारामपुरीत माझी मेस आहे, २२ वर्षं झाली, मेंबर कधी पन्नास कधी सत्तर, निम्मे शिवाजी विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. करणारे, बाकीचे इंजिनिअरिंगवाले. मुली डबा नेतात, मुलं बसून जेवतात. माझ्याकडं कॉम्प्युटर नाही पण खाड्याची वही आहे. मेसला जेवलेल्या माणसाला खाडा सांगायला नको, जो ज्या वेळेला जेवला नाही त्या वेळेची फुली मारायची आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा करायचे. तर कोण किती देवाचं करतं ते त्या वहीत स्वच्छ दिसतं. सोमवारी फुली म्हणजे महादेव, मंगळवार नाहीतर शुक्रवार म्हणजे अंबाबाई, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार आमच्याकडं जोतिबाचा. बुधवार तेवढा मोकळा, म्हणून त्या दिवशी तांबडा-पांढरा करते आणि त्या दिवशी एक फुली पडत नाही. अजून एक गंमत सांगते, परीक्षेचं टाइमटेबल लागलं की फुल्या वाढतात. जी पोरगी जुलैमध्ये संकष्टी कधी आहे ते विचारत नव्हती ती ऑक्टोबरात सोळा सोमवार धरून बसते. हॉल तिकीट हातात आलं की देव आठवतो, त्यात हसण्यासारखं काही नाही, मी पण पोराच्या दहावीला शनिवार केलेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. गेल्या वर्षीच्या नवरात्रातली गोष्ट. गडहिंग्लज बाजूची एक मुलगी, एम.एस्सी. केमिस्ट्री, पहिलं वर्ष. गावाकडं आजी आजारी म्हणून तिनं नऊ दिवस बोललेले. मी म्हटलं बाई उठता-बसता कर, पहिला दिवस आणि शेवटचा दिवस, मध्ये जेव. तर नाही, नऊच्या नऊ, आणि ते पण कसे तर दिवसभर चहा, दोन केळी, रात्री मूठभर शेंगदाणे, त्यात अनवाणी. सकाळी सहाला इथून चालत अंबाबाईला, तिथून येऊन विद्यापीठात, दुपारभर लॅबमध्ये उभी. पाचव्या माळेला संध्याकाळी मैत्रिणीचा डबा न्यायला आली आणि माझ्या जिन्यात बसली. बसली म्हणजे कठड्याला धरून घसरलीच. ओठ पांढरे, तळहात गार, डब्याची पिशवी तेवढी घट्ट धरलेली. मिस्टरांनी रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं, डॉक्टरनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला लावलं, तर हिमोग्लोबिन ७.९. बाईमाणसाचं निदान १२ पाहिजे. मी म्हटलं उपवासानं झालं का, तर डॉक्टर म्हणाले पाच दिवसांत एवढं खाली येत नाही हो, हे कित्येक वर्षांचं आहे, उपवासानं फक्त बाहेर काढलं. त्या सेमिस्टरला तिचे दोन विषय राहिले, दहावी-बारावीला पहिल्या दुसऱ्या नंबरात असलेली पोरगी. आणि त्या रात्री मी तिच्या घरी फोन लावला तर आईचं पहिलं वाक्य काय, "उपास मोडला न्हाई न्हवं तिनं?"

मला त्या बाईचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. नंतर विचार केला की तिला तरी कुणी काय सांगितलं होतं, तिचं स्वतःचं रक्त किती आहे हे तरी तिला कुठं माहीत असणार. सरकारची २०१९-२१ ची कुटुंब आरोग्य पाहणी आहे, त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्त कमी असलेल्या निघाल्यात. म्हणजे माझ्या दारात डब्यासाठी उभ्या राहणाऱ्या मुलींत एक सोडून एक. आणि वहीत फुल्या कुणाच्या नावापुढं जास्त तर त्यांच्याच. मुलांचा उपवास रात्री बाहेर काहीतरी खाऊन आपोआप सुटतो, मुलीचा सुटत नाही, रूममधल्या बाकीच्या दोघी करतायत मग मी एकटीच कशी जेवू असं चालतं. वर भूक मारायला चहा, आणि चहा असा की पोटात जे काही लोह जातंय ते पण अंगाला लागू देत नाही.

आता कुणी म्हणेल उपवासाचे पदार्थ असतात की. असतात ना, मीच करते. साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचं पीठ, तमिळनाडूत सेलमकडं कारखाने आहेत तिथनं येतो, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी आणि प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे पोट भरतं, सुस्ती येते आणि दोन तासांनी परत भूक. त्या खिचडीत जीव असतो तो शेंगदाण्याच्या कुटाचा, आणि महागाईत हात आखडतो तो नेमका कुटावरच (माझा पण आखडतो). बरं हे सगळं परंपरेनं आलंय म्हणावं तर ते पण नाही, तो कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची हे सगळं पोर्तुगीज आले त्याच्या नंतरचं, मूळ अमेरिका खंडातलं. आमच्या उपवासाच्या ताटातलं निम्म्याहून जास्त बोटीतनं आलेलं आहे आणि पोळी मात्र चालत नाही. हे मी मेसमध्ये बोलले तर एक मुलगा म्हणाला काकू तुम्ही नास्तिक झाला. नाही रे बाबा, माझ्या घरात घट बसतो, मी नऊ दिवस दिवा विझू देत नाही.

इथं ते सर खूश होतील की बघा मी म्हणत होतो. थांबा जरा, तुमच्याकडं पण येते.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडं एकाच रूमवरचे दोघं जेवायला होते. एक सांगोल्याकडचा, घरात पिढ्यानपिढ्या वारी, गळ्यात माळ, एम.कॉम. करायचा. साडेचारला उठणार, आंघोळ, हळू आवाजात हरिपाठ, पाचला पुस्तक उघडलेलं. माळकरी म्हणून दारू नाही, मटण नाही, आणि तंबाखूचा मावा पण नाही. कॉलेजपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही असा २००३ चा कायदा आहे म्हणे, कुणाला टपरी शोधायला लागत असेल तर सांगा. तर त्याला त्या टपरीवर काही कामच नव्हतं, त्यामुळं टपरीवरचा रात्री अकरा ते एकचा कार्यक्रम पण नाही, साडेनऊला जेवून झोपला. दुसरा माण तालुक्यातला, देव अजिबात मानायचा नाही, भिंतीवर फुले-आंबेडकरांचा फोटो, माझ्याशी पण वाद घालायचा, पण पोलीस भरतीचं खूळ, म्हणून पाचला उठून विद्यापीठात पळायला. सोळाशे मीटरचं टायमिंग वहीत लिहून ठेवायचा, रात्री जास्तीची अंडी मागून घ्यायचा. एकानं लाइट लावला की दुसरा बूट बांधायचा, भांडण नाही काही नाही. दोघं फर्स्ट क्लासनं पास झाले. आता हे मार्क कुणी दिले, विठ्ठलानं का सोळाशे मीटरनं?

आणि त्याच बिल्डिंगमध्ये तिसरा. कपाळाला रोज अष्टगंध, मोबाइलवर रोज सकाळी (म्हणजे त्याची सकाळ, अकरा वाजता) देवाचा स्टेटस, मंडळाचा खजिनदार. गणपतीच्या आधी महिनाभर रात्री दोन-दोनपर्यंत देखावा, वर्गणी, मीटिंग, मग मिरवणुकीला डॉल्बीपुढं सकाळपर्यंत. दिवसातलं पहिलं जेवण दुपारी दोनला, मेस बंद करताना धापा टाकत यायचा, तोंडात मावा, थुंकून मग जेवायला बसायचा. मुलगा मनानं सोन्यासारखा, माझा सिलिंडर चार मजले चढवून द्यायचा, पण विषय राहिले ते राहिलेच. काकांना माझा प्रश्न आहे, हा धार्मिक होता का नव्हता? तुमच्या हिशोबानं तर याला विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळायला पाहिजे होतं.

माझा एक जुना मेंबर आता एका कॉलेजवर स्टॅटिस्टिक्स शिकवतो, दिवाळीला येऊन जातो. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला काकू तुमच्या वहीत आहे तसलंच अमेरिकेत छापून आलंय. २००० साली तिथल्या एका मोठ्या खासगी विद्यापीठातली पाहणी प्रसिद्ध झाली, होस्टेलवर राहणारी पहिल्या वर्षाची २०० मुलं, त्यांना खाणं, व्यायाम, झोप, मनाचा ताण, किती तास काम करता, अध्यात्माचं काही वाचता का, सगळं विचारलं. अध्यात्माचं वाचणाऱ्यांचे मार्क जास्त निघाले हे खरं, वजनं उचलून व्यायाम करणाऱ्यांचे पण जास्त निघाले, पण सगळ्यात मोठा फरक पडला तो झोपेच्या सवयीनं, त्यातही सकाळी किती वाजता उठतो त्यानं, उशिरा उठणाऱ्यांचे मार्क कमी. दुसरी एक अमेरिकेतल्याच एमआयटी विद्यापीठातली, २०१९ ची, केमिस्ट्रीच्या वर्गातल्या शंभरेक मुलांच्या मनगटाला पट्टे बांधले आणि सेमिस्टरभर झोप मोजली. त्यात परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा मार्कांशी संबंधच दिसला नाही, दिसला तो आधीच्या आठवडा-महिनाभराच्या झोपेचा, आणि रोज ठरल्या वेळेला झोपण्याचा. म्हणजे वर्षभर जागून आदल्या दिवशी नवस बोलणाऱ्याला जसा उपयोग नाही तसा आदल्या रात्री लवकर झोपणाऱ्याला पण नाही. मी त्याला विचारलं मग अध्यात्म वाचून मार्क वाढतात असं लिहू का पेपरात, तर म्हणाला नका लिहू काकू, दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळं दुसरी झाली असं नसतंय, पावसाळ्यात छत्र्या पण वाढतात आणि बेडूक पण. मला ते एकदम पटलं. माळकरी पोराला माळेनं काय दिलं तर वेळ दिली, टपरीपासून सुटका दिली, आणि हरिपाठाला बसणारे चार जण दिले ज्यांच्यात तो एकटा पडला नाही. ते पळणाऱ्याला दुसरीकडनं मिळालं. अष्टगंधवाल्याला देव मिळाला पण वेळ मिळाली नाही.

आणि हे कळायला कोल्हापूरला अमेरिकेची गरजच नव्हती खरं तर. आपल्याकडं तालमी आहेत, प्रत्येक तालमीत मारुती असतोच, पण मारुतीसमोर उपाशी पोटी मेहनत करून कुणी पैलवान झालाय का? पहाटे लंगोट लावताना नमस्कार मारुतीला आणि मेहनत झाली की थंडाई, दूध, तूप. शाहू महाराजांनी १९१२ ला खासबागचं मैदान बांधलं, ते तर सगळेच सांगतात, पण त्याच्याही आधी १९०१ पासून त्यांनी इथं जातीजातीची, धर्माधर्माची बोर्डिंगं काढून दिली, कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळं. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, ज्याची त्याची प्रार्थना ज्याच्या त्याच्याकडं, पण पोरगं शिकायला येणार तर आधी त्याची राहायची आणि पोटाची सोय पाहिजे हे त्या राजाला कळलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटील इथल्याच जैन बोर्डिंगमध्ये राहायला होते, अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि परत आल्यावर विटाळ म्हणून आंघोळ करायला नाही म्हणाले म्हणून त्यांना बोर्डिंग सोडायला लागलं असं सांगतात. म्हणजे धर्माच्या नावाखाली पोरांना घर पण मिळालं आणि त्याच नावाखाली बाहेर पण काढलं, दोन्ही इथंच. पुढं त्याच माणसानं साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, मंगळसूत्र दिलं. बाईमाणसाला मंगळसूत्रापेक्षा मोठं धार्मिक काय असतं सांगा, ते पोरांच्या पोटासाठी गेलं. मेस चालवणाऱ्या बाईला ही गोष्ट फार लागते, बाकी कुणाला लागो न लागो.

रोज्याबद्दल पण लिहिते नाहीतर म्हणाल आपल्याच लोकांना बोलली. माझ्याकडं मिरजेच्या दोन बहिणी डब्याला होत्या, रमजान नेमका सेकंड सेमिस्टरच्या सबमिशनमध्ये आला. सहेरीचा, म्हणजे रोजा धरायच्या आधी पहाटे जेवतात तो, डबा मी रात्रीच करून द्यायचे, चपात्या, उसळ, उकडलेली अंडी, खजूर त्यांचे ते आणायचे. दिवसभर पाणी पण नाही, दुपारी चारच्या लेक्चरला डोळे मिटायचे, झोपेचे दोन तुकडे व्हायचे, त्रास तर होताच. पण एक गोष्ट मी बघितली, मधेच धाकटीला कावीळ झाली तर त्यांच्या आईनं स्वतः फोन करून सांगितलं की तिला जेवायला घाला, आजाऱ्याला आणि प्रवासातल्याला सूट आहे, राहिलेले रोजे ती नंतर भरून काढेल. मला फोन ठेवल्यावर गडहिंग्लजच्या बाईची आठवण आली. आपल्यात पण आजाऱ्याला, पोटुशीला कुणी बळजबरी करत नाही, म्हातारी माणसं सांगतात की नुसतं हात जोडले तरी पोचतं, पण वीस वर्षाच्या पोरीला हे कुणी सांगायला जात नाही कारण ती आजारी दिसत नाही. ७.९ ची मुलगी पण हसत-बोलतच डबा न्यायची.

मला काय पाहिजे ते आता लिहिते, नाहीतर नुसतंच रडगाणं होईल. ॲडमिशनच्या वेळी बऱ्याच ठिकाणी मेडिकलचा फॉर्म असतो, उंची-वजन विचारून सही होते. त्यात मुलींचं, आणि मुलांचं पण, हिमोग्लोबिन खरोखर तपासा, बोटाला एक टोचणं आहे, आणि आलेला आकडा घरी कळवा, म्हणजे नवरात्राच्या आधी आईच्या हातात असेल. परीक्षेच्या दिवसांत उपवास करू नका असं मी कुणाला सांगणार नाही, सांगून कुणी ऐकत पण नाही, करायचा तर जेवून करा. आणि आईवडिलांनो, फोनवर अभ्यास झाला का, देवाला गेलीस का हे विचारता, त्याच्या जोडीला काल किती वाजता झोपलीस हे पण विचारा, एवढं एक वाक्य वाढवा, त्याला रिचार्ज जास्त लागत नाही.

बाकी मेसवाल्या माझ्या मैत्रिणींना, आपण उपवासाच्या दिवशी खाडा पडला की मनातून खूश असतो, गॅस वाचतो, मी पण होते. यंदा मी ठरवलंय, नवरात्रात नऊ रात्री उपवासाचं पूर्ण ताट, राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, वरीचा भात, दही, दोन खजूर, साध्या ताटाच्याच दरात. राजगिऱ्याची भाकरी थापताना तुटते, गरम पाण्यात पीठ मळून, उकडलेला बटाटा घातला की जमते. वरीचं पीठ मात्र सुटं आणायचं नाही, पाकिटातली वरी बघून आणून घरी दळायची, ओलीला बुरशी लागलेली असली तर माणसं रांगेनं पडतात, २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यात सप्ताहाच्या भगर-आमटीतनं (भगर म्हणजे वरीच) विषबाधा झाली तेव्हा झाडाला दोऱ्या बांधून सलाइन लावलेले फोटो सगळ्यांनी बघितलेत.

गडहिंग्लजची ती मुलगी यंदा सेकंड इयरला आहे, राहिलेले दोन्ही विषय सुटले, रक्त आता साडेदहावर आलंय. कालच विचारत होती, काकू ताट घेतलं तर उपवास मोडला असं होतं का. मी म्हटलं मी मेसवाली आहे, भटजी नाही, तू आईला विचार. तिनं माझ्यासमोर फोन लावला, आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली काकींना दे. मला तिनं एवढंच विचारलं, आमटीला फोडणी तुपाची देता का तेलाची. तुपाची, म्हटलं.

घटस्थापनेला आठ दिवस राहिलेत. पत्र छापणार असाल तर त्याच्या आधी छापा, नंतर उपयोग नाही, पोरी तोवर उपाशी बसलेल्या असतात. आणि नाव छापू नका, मेंबर चिडवतील.

आपली,
एक मेसवाली काकू, राजारामपुरी, कोल्हापूर